मोड आलेले सातू

घरी बिअर करायची म्हणजे मुख्यतः भांडी धुवायची, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसातला एक सहकारी नोकरीचा पास संपल्यावर मायदेशी परतला आणि जाताना झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम, नळी आणि बाटल्यांना बूच बसवायचं यंत्र माझ्या गळ्यात घालून गेला. पहिली बिअर पिकलेल्या केळ्यासारखी लागली. सिंगापूरच्या उकाड्यात ती तशीच होणार, आंबताना थंडावा हवा, असं कळलं, म्हणून बिशानच्या एका कुटुंबाकडून जुना फ्रिज आणला. तो फारच गार करायचा, म्हणून त्याला तापमान सांभाळणारं यंत्र जोडलं. उकळलेलं मिश्रण लवकर निवावं म्हणून तांब्याची वेटोळी नळी घेतली. शेवटी डब्यातला सातूचा तयार अर्क सोडून धान्यापासूनच बिअर करायची ठरवली, तर त्याला मोठं पातेलं लागलं. एक सोय केली की पुढची गैरसोय दिसायला लागायची.

आठवडाभर चांगी बिझनेस पार्कात बँकेचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं, बुकित बातोकपर्यंत एमआरटी मेट्रोत उभ्याउभ्या डुलक्या घ्यायच्या आणि शनिवारी पातेली घासायची. बायको म्हणायची, "हा तुझा आराम असेल, तर तुझं काम मला बघायचंच नाही."

त्यातच आई आणि अण्णा सहा आठवड्यांसाठी यायचे ठरले. अण्णा म्हणजे माझे वडील. आजोबांनी घर दारूत बुडवलं, म्हणून त्यांची शाळा अकराव्या वर्षी सुटली. तालुक्याच्या बाजारात धान्याची पोती वाहून त्यांनी मला इंजिनिअर केलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. हे ज्या माणसामुळे झालं, त्याला माझ्या घरात काय शिजतं ते सांगायचा धीर मला झाला नाही. सामान झाकून ठेवण्याइतकंही त्राण त्या आठवड्यात नव्हतं.

आल्या दिवशीच स्टोअररूममधला फ्रिज बघून त्यांनी विचारलं, "हा दुसरा कशाला?"

"एक पेय करतो, अण्णा. आंबवून. कांजीसारखं."

"बरं," ते म्हणाले आणि विषय संपला. होस्टेलवरून मी जे कळवीन तेही ते असंच खरं धरून चालायचे.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी घरी आलो, तर जिन्यापर्यंत खमंग भाजल्याचा वास. आई स्वयंपाकघरात मिक्सर पुसत होती.

"अरे, एवढे चांगले सातू त्या खोलीत पडू दिलेस? अर्धे भरडलेले, वर पिशवीला गाठसुद्धा नाही. किडे नसते का पडले? पाखडले, डाळ्यांबरोबर भाजले आणि पीठ करून टाकलं. निम्मी पिशवी झाली."

ते माझं बिअरचं धान्य होतं. ऑस्ट्रेलियाहून आलेलं, रविवारी शिजवायचं म्हणून दुकानातून भरडून आणलेलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि ती चटकन गॅसकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

अण्णा टेबलाशी बसून दूधगुळात कालवलेलं पीठ खात होते. "चव चांगली आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पिशवीतलं उरलेलं धान्य तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं पसरलं. बाजारात त्यांनी धान्य असंच बघताना मी लहानपणी पाहिलं होतं.

"याला मोड आणून वाळवलंय. आमच्याकडे असा माल आला की आम्ही परत पाठवायचो. भिजलेला म्हणून. इथे मुद्दाम घेतात?"

"हो."

"कशाला?"

आई म्हणाली, "पौष्टिक असेल. नाचणीला नाही का आपण मोड आणत?"

तिनं मला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पण त्या आठवड्यात मी इतका थकलो होतो, की आणखी एक गोष्ट रचून ती महिनाभर सांभाळायची ताकदच उरली नव्हती. म्हणजे मी खरं बोललो ते धैर्यानं नव्हे.

"बिअर करतो मी त्याची, अण्णा. फ्रिजमध्ये तीच आंबतेय."

आईचा हात मिक्सरवर थांबला. अण्णांनी वाटी अर्धी टाकली नाही. शेवटपर्यंत खाल्ली, बेसिनशी जाऊन विसळली आणि ते आत जाऊन पडले.

शनिवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. रविवारी सकाळी स्वतःच स्टोअररूमच्या दाराशी आले.

"रोज पितोस?"

"नाही. शनिवारी एखादा ग्लास. कधी तेवढंही नाही. धुवून धुवूनच दमतो."

"मग करतोस कशाला?"

"ऑफिसात दिवसभर करतो ते हाताला लागत नाही, अण्णा. हे निदान बाटलीत दिसतं."

त्यांनी फ्रिजचं दार उघडून आत बघितलं. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तर आत्ता ओतून देतो."

"माझ्यावर ढकलू नकोस." आवाज चढलेला नव्हता. "माझा बाप प्यायचा, पण दारू आहे म्हणून सांगून प्यायचा. तू मला कांजी म्हणालास. मी आईला म्हटलं, करू दे, पोटाला चांगली असते."

ते लिफ्टनं खाली गेले आणि दुपारपर्यंत इमारतीखालच्या बाकावर बसून राहिले. मी ती बिअर ओतली नाही. तेवढ्या वेळात बाटल्यांत भरली, कारण त्यांना दाखवायला ओतली असती तर ते दुसरं खोटं झालं असतं. जेवायला वर आल्यावर त्यांनी भरलेल्या बाटल्या पाहिल्या आणि भात वाढून घेतला.

ते परत गेल्यापासून दर रविवारी फोनवर एकदा विचारतात, "ते चालू आहे का?" मी असेल ते सांगतो. मागच्या खेपेला म्हणालो, "दोन महिने काही केलं नाही, अण्णा. अंगात जीव नाही."

"बरं," ते म्हणाले. नंतर विचारलं, "खरंच का?"

"खरंच."

"मग झोप जरा."