साखरेचं माहेर

इंग्रजी शब्द कितीही सुटाबुटात आला, तरी आमच्या आष्ट्याच्या काकांपुढे त्याला आपलं मूळ गाव लपवता आलं नाही. काका म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, तिथल्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. एखादा शब्द आपल्या तोंडून निसटला की त्याचा बाप, आजा, पणजा निघेपर्यंत सुटका नसे. एकदा दाढी करता करता त्यांनी न्हाव्याला, इंग्रजांचा शांपू हा मुळात आपल्याच चंपीचा नातू कसा, हे इतकं रंगवून सांगितलं की त्याचा वस्तरा हातातच राहिला आणि काका अर्ध्या दाढीनिशी शाळेत गेले. आत्या वैतागून म्हणायची, "आवं, शब्दाचं मूळ घावतंय, आन् नाकावरचा चष्मा घावत न्हाई!"

त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा, सुमनचा, साखरपुडा होता. कराडचे व्याही तिच्या हातात पुडा देणार, तोच काकांनी तो मधेच उचलून घेतला.

"ही शर्करा, आपली लेक. इराणात दिली, शकर झाली. अरबांनी सुक्कर केलं. फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचली ती शुगर होऊन. आज तिथं शर्करा म्हणून हाक मारा, ओ देणार नाही!"

जमलेलं लग्न आता मोडतं की काय, म्हणून आत्याचा जीव टांगणीला लागला. पण व्याही दिलदार निघाले. "आवं मास्तर, पुडा द्या आदी पोरीच्या हातात. इंग्लंडला मागनं जाऊ!"

लग्नात जावयानं ताम्हणातल्या तांदळांत अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं: विजया. काकांनी वाकून ते वाचलं. एखाद्या शब्दाबद्दल ते काहीच बोलले नाहीत, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला ती माहेरी आली. चुलीपाशी करंज्या तळत होती. काकांनी ओसरीवरून हाक मारली, "सुमन!" ती वळली नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला दचकून "ओ, आबा" म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "सवयच मोडली बगा."

"असू दे, बाळ," काका म्हणाले. "मी आहे की लक्षात ठेवायला."

आता काका नाहीत, आत्याही नाही. मला त्यांची फार आठवण येते. कराडला गेलो की मी दारातूनच "सुमे!" म्हणून हाक मारतो, आणि आतून ओ आल्याशिवाय चपला काढत नाही.