साधं कार्ड

बायको गेली. तेराव्याला गावाहून आलेल्या वहिनीने घर शुद्ध करायला गोमूत्र शिंपडलं. एक कोपरा सोडला नाही. खाटेखाली पोरीने बसवलेला कॉम्प्युटर चालू होता, घरातले सगळे फोटो, व्हिडिओ ठेवायचा. त्याच्यात पडलं. फट्ट झालं आणि गप्प.

"माका काय म्हायत भावजी, खाटेखाली काय असता ता!" वहिनी रडकुंडीला आली. तिला काय बोलणार?

पोरीने उघडून बघितलं. "बाबा, डिस्क धड आहेत. त्या ज्या कार्डाला जोडल्यात, ते जळलंय. रविवारी आणू."

मला रविवारपर्यंत दम नव्हता. त्या डिस्कमध्ये पुतण्याचं लग्न होतं. बायकोने उभ्या जन्मात माझं नाव घेतलं नाही. "अहो", नाहीतर "पोरीचे बाबा". त्या लग्नात बायकांनी तिला अडवून उखाणा घ्यायला लावला, तेव्हा मी खाली आचाऱ्याशी भांडत होतो. "आता व्हिडिओतच ऐका," म्हणाली, लाजली. ऐकायचं राहूनच गेलं.

जळकं कार्ड पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडवरचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "काका, हे भारीतलं घ्या. स्वतःची मेमरी, बॅटरी. डिस्कचा सगळा कारभार हेच बघतं."

"आणि डिस्कवर आधीचं असेल ते?"

"ते पुसून नव्याने लावून घेतं ना. एकदम क्लीन."

संप फुटल्यावर गिरणीच्या गेटवर हेच ऐकलं होतं. जुनी सर्व्हिस विसरा, नव्याने भरती व्हा. झालो. घरी आलो तेव्हा बायको खानावळीच्या चपात्या लाटत होती. सांगितलं तर लाटणं थांबलं, परत सुरू झालं. पुसलेलं परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

"साधं दे," म्हटलं. "डिस्क आहे तशी पुढे देणारं. मधे शहाणपणा न करणारं. ह्या जळक्यासारखंच."

"जुनं मॉडेल आहे काका ते."

"मी कुठला नवा आहे? दे."

संध्याकाळी पोरीने कार्ड बसवलं. डिस्क घरघरल्या. लग्न दिसायला लागलं. हॉलमध्ये बायकांचा गलका, मधे ती, अबोली माळलेली, पदर तोंडावर. नाही नाही म्हणत तिने उखाणा घेतला. शेवटी माझं नाव. स्पष्ट.

माझ्या तोंडून "ओ" गेली.

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. पडद्यावर सगळ्या हसत होत्या.