खंडेनवमीचा पाना

सत्तर सालानंतरची गोष्ट. मोटारींच्या कारखान्याचे ते मोठे साहेब तेव्हा पेपरातून सगळ्यांना ठाऊक होते. साध्या फिटरपासून चढत चढत सगळ्यात वरच्या खुर्चीवर पोचलेला माणूस. जातील त्या गावी कोट काढायचे, बाह्या दुमडायचे, पाना घेऊन बॉनेटखाली वाकायचे, की निघाला फोटो. आमच्या ह्यांनी ते फोटो कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले होते. देव भिंतीवर आणि साहेब ट्रंकेत, अशी मी चेष्टा करायची.

हे सोलापुरात त्याच कंपनीच्या एजन्सीत मेकॅनिक होते. मुंबईच्या कारखान्यात लागायचं, ही ह्यांची एकच इच्छा. खरं सांगायचं तर ह्यांच्यापेक्षा माझी जास्त. अर्जांना उत्तर येत नव्हतं. साहेब आमचं वर्कशॉप बघायला येणार ठरलं, तेव्हा मालक ह्यांना म्हणाले, तुझं काम मी त्यांच्या तोंडावर सांगतो. झालं, मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली.

मालकांनी शुभ दिवस म्हणून नेमकी खंडेनवमी धरली. अहो, त्या दिवशी वर्कशॉपमधली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. पलीकडच्या गल्लीतले विणकरांचे मागसुद्धा गप्प असतात. साहेब येणार म्हणजे पाना मागणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळे दीडशहाणे!

पूजेला दरवर्षीसारख्या आम्ही बायका गेलो होतो. चौरंगावरच्या एकेका पान्याला मीच ओलं कुंकू लावलं.

साहेब आले. बोलायला मऊ, प्रत्येकाची विचारपूस करणारे. मग कोट निघाला, बाह्या वर गेल्या, आणि फोटोवाल्यानं पाना मागितला. आमची माणसं मालकांकडे बघायला लागली, मालक छताकडे. तेवढ्यात साहेबांना चौरंग दिसला. त्यांनी हसत त्यावरचा सगळ्यात मोठा पाना उचलला. फुलं खाली पडली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, हे कबूल. पण एके काळचा फिटर ना? त्याला सांगावं लागावं?

फोटो झाले. मालकांनी ह्यांना पुढे ढकललं आणि ह्यांचं कौतुक करून कारखान्याचा विषय काढला. साहेबांनी ह्यांच्याकडे वळून विचारलं, "काय, येणार का मुंबईला?"

मी मागून डोळ्यांनी खुणावत होते, व्हय म्हणा, व्हय म्हणा. ह्यांची नजर त्या पान्यावर.

"साहेब, तो पाना आधी चौरंगावर ठेवा," हे म्हणाले. "आज त्याला हात लावत न्हाईत. तुमी फिटर होता की."

साहेबांचं हसू गेलं. पाना त्यांनी मालकांच्या हातात दिला, रुमालाला बोटं पुसली आणि घड्याळ बघितलं. मुंबईचा विषय तिथंच मिटला.

घरी आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. एवढं व्हय म्हणायला काय दातखीळ बसली होती? पाना काय, पुन्हा धुऊन ठेवता आला असता. हे जेवून उठले आणि अंथरूण घालून झोपले. दसऱ्याला ह्यांनी सोनं दिलं तेही मी धड घेतलं नाही. लई राग आला होता मला.

दसरा झाल्यावर शेजारीण पेपर घेऊन आली. साहेबांचा फोटो, हातात आमचा पाना, बोटांवर काळे डाग. एवढ्या मोठ्या पदावरही हाताला तेल लावून घेणारा माणूस, असं काहीबाही खाली छापलं होतं. शेजारणीनं तोंड भरून कौतुक केलं. मी फोटो निरखून बघितला. पेपरात लाल रंग काळाच दिसतो.

ती गेल्यावर मी पेपर ह्यांच्यापुढे धरला. "ते तेल न्हाय. माझ्या हातचं कुंकू हाय."

"ठाव हाय," हे म्हणाले, आणि चपला घालून कामावर गेले.

मी ट्रंक उघडली. झाकणाच्या आतले फोटो ह्यांनी कधीच खरवडून काढले होते. त्यानंतर मुंबईचं नाव मी काढलं नाही.