धावपट्टी दिसली की बंद!

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा वाटलं होतं, आता मशीनशी बोलायचं, माणसांची कटकट नाही. कसलं काय! शनिवार पेठेतल्या आमच्या एवढ्याशा दुकानात मशीन एक येतं आणि त्याच्यामागून अख्खं घर येतं. त्यातून गेम खेळताना बंद पडणारे डेस्कटॉप म्हणजे तर बघायलाच नको. दुकानात मी आणि माझा पार्टनर सलीम, दोघंच. प्रत्येक दुरुस्तीनंतर एखादा स्क्रू उरतो, तसा एखादा किस्साही उरतो. स्क्रूचं मी कुणाला सांगत नाही, किस्से सांगते.

*

सदाशिव पेठेतले आगाशे काका रिक्षातून आले, मांडीवर कॉम्प्युटर. बँकेतून रिटायर झालेले, नाद एकच, विमान चालवायचा गेम. ढग, पाऊस, विमानतळ, सगळं खऱ्यासारखं. भल्या भल्या मशीनला घाम फोडणारा गेम!

"दादा आहेत का?"

"दादा नाहीत, ताई आहे. बोला."

"उडतं छान हो. पण उतरायला आलं, धावपट्टी दिसली, की फट्कन सगळं बंद!"

"मग नका उतरवू."

काका हसले नाहीत. त्यांची लेक सिंगापूरला, पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. आणि काकू जन्मात विमानात बसलेल्या नाहीत. उडायचं काही वाटत नाही, भीती उतरायची! त्यांनी अट घातली होती, "तुमचं ते गेममधलं विमान तरी माझ्यासमोर नीट उतरवून दाखवा, मगच तिकीट काढा." आणि दरवेळी ऐन वेळी स्क्रीन काळी. काकू म्हणायच्या, "बघा! मी काय म्हणत होते?"

"लेक रोज विचारते, आई येतेय ना," काका म्हणाले. मला माझ्याच जिभेचा राग आला. मशीन ठेवून घेतलं.

*

ते टेस्टला लावतेय तोवर फोन. एक आजोबा.

"नातू गेम खेळत होता, स्क्रीन एकदम निळी झाली."

"त्यावर काय लिहून आलं होतं?"

"वाचलं नाही. रडवेला चेहरा होता एक. म्हटलं, आपण कशाला खोदून विचारायचं! बंद करून टाकला."

*

मग एक बाई आल्या. मुलगा गेम खेळायला बसला की कॉम्प्युटर तापून बंद पडतो म्हणाल्या. कॉम्प्युटरला जुन्या पडद्याचा झालरवाला अभ्रा! फक्त बटणापुरतं भोक ठेवलेलं, तेही काजं करून.

"अहो, आतल्या पंख्यांना हवा कुठून मिळणार?"

"आणि धूळ बसली तर पुसायला तुम्ही येणार?"

पुढच्या महिन्यात त्या खास दाखवायला आल्या. अभ्रा मच्छरदाणीच्या जाळीचा होता.

"वा! आणि तो पडद्याचा?"

"तो थंडीत घालीन. हा उन्हाळी."

*

इकडे काकांच्या मशीनला दुकानात काही म्हणजे काही होईना! रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला, गरम होतंय का पाहिलं. सलीमने दिवसभर विमानं उतरवली. शेवटी म्हणाला, "ताई, आता मला युनिफॉर्म शिवा."

मशीन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, "पुन्हा बंद! आणि गंमत सांगू? मी एकटा असलो की उतरतं. ही मंडईत गेली की झकास उतरतं. ही शेजारी बसली की बंद!"

मागून काकूंचा आवाज, "मी नसताना उतरलेलं मी का म्हणून धरायचं?"

मला राहवेना. मशीन माणूस ओळखतं, हे मी आजवर गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. खरं मानायची पाळी पहिल्यांदाच आली.

*

मध्येच आयटीतला एक तरुण. नवं कोरं महागडं ग्राफिक्स कार्ड, सतरा रंगांचे दिवे, आणि त्या सगळ्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय कॉलेजच्या काळातला! गेम रंगात आला की मशीन मान टाकणारच.

"पॉवर सप्लाय कोणाला दिसतोय?" तो म्हणाला.

सलीम शांतपणे, "मग दिवेच बघत बसा. गेम कशाला लावता?"

*

शेवटी मी आणि सलीम काकांच्या घरीच गेलो. टेबल बुटकं, म्हणून खाली कॉम्प्युटर आडवा ठेवलेला. काका खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर काकू, पदर घट्ट धरून.

"तुम्ही रोजच्यासारखं करा," मी म्हटलं आणि सरळ जमिनीवर बसले.

विमान खाली येऊ लागलं. धावपट्टी दिसली. काकूंनी डोळे मिटले, "अहो, हळू! हळू!" म्हणत उजवा पाय पुढे रेटला आणि दाबून धरला. स्कूटरवर मागे बसून आपण नसलेला ब्रेक दाबतो ना, तसा. त्यांच्या अंगठ्याखाली बरोब्बर पॉवरचं बटण!

स्क्रीन काळी. "बघा!" काकू म्हणाल्या.

मी सलीमकडे बघितलं, सलीमने माझ्याकडे. कॉम्प्युटर उचलून टेबलावर ठेवला. पुन्हा विमान खाली यायला लागलं, तर काकू ताडकन उठल्याच, "पायाखाली काहीच नाही! मी नाही बघणार!"

सलीम काही न बोलता दुकानात जाऊन आला. रेसिंग गेमच्या खेळण्यातलं एक मेलेलं पेडल आमच्याकडे पडून होतं. त्याची वायर गुंडाळून, रबर लावून, ते त्याने काकूंच्या पायापुढे ठेवलं.

"काकू, तुमचा ब्रेक."

विमान खाली आलं. काकूंनी डोळे मिटून पेडल दाबलं, दाबून धरलं. चाकं टेकली, विमान पळालं, हळू झालं, थांबलं.

काकूंनी एक डोळा उघडला. "वेळेवर दाबला म्हणून! काढा तिकीट."

पुढच्या आठवड्यात काकू एकट्याच दुकानात आल्या. पिशवीतून ते पेडल काढून काउंटरवर ठेवलं.

"ताई, हे विमानात हातातल्या बॅगेत चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल. वायर तेवढी गुंडाळलेलीच राहू द्या."