अक्काचा हत्ती

शाळांच्या इमारती तपासायला गेलं की मला पहिला राग रंगाचा येतो. साहेब येणार म्हटलं की लावा रंग! भिंत आतून ओलीचिंब का असेना, वरून चकाचक पाहिजे. मी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि वर्गांमधली ओल, कोंदट हवा शोधत नांदेड-लातूरच्या शाळा फिरतो. पण रेणापूरकडच्या एका शाळेत रंग लावणारी माझी सख्खी थोरली बहीण निघाली.

अक्का पहिलीला शिकवायची. गावानं वर्गणी करून वर्ग डिजिटल केला. पडद्यावर नीट दिसावं म्हणून खिडक्यांना प्लायवूड ठोकलं. भिंतींवर ऑइलपेंटची चित्रं, म्हणजे बोलक्या भिंती! ओलीचा डाग उठला की अक्का त्यावर नवं चित्र काढायची. सगळ्यात मोठा डाग होता तिथं तिनं हत्ती काढला होता. गाव कौतुक करायचं. पोरं खोकायची, तीही खोकायची. खडूची धूळ हाय, म्हणायची.

दिवाळीला माझ्याकडं आली तेव्हा तिची धाप ऐकून मी घाबरलो आणि शाळा उघडताच तिच्या वर्गात जाऊन धडकलो. हत्तीच्या पोटाचा पोपडा उचकटला, तर खाली काळीकुट्ट बुरशी. छताचा पाइप तुटलेला, पावसाचं सगळं पाणी भिंतीत. वरून ऑइलपेंट, त्यामुळं ओलीला बाहेर पडायला वाटच नाही. खिडक्या बंद, त्यामुळं हवेलाही नाही.

"अक्का, हे सगळं खरवडावं लागतंय."

"वेडा का खुळा तू? चित्रं बघून पोरं शाळेत यायलेत!"

"आन् त्याच भिंतीपायी खोकायलेत."

तिच्या तोंडाकडं बघवेना. मग ती उठली आणि पोरांना बाहेर लिंबाखाली नेऊन बसवलं.

पाइप जोडला, खिडक्या उघडल्या, भिंती खरवडून नुसता चुना मारला. पुढच्या पावसाळ्यात पोरांचा खोकला गेला. अक्काचा गेला नाही. तिची फुप्फुसं आता सुधारायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती लातूरला घरीच असते, नाकाला नळी. लई वाईट वाटतं. रागही येतो, पण काढू कुणावर? तिनं जीव लावूनच रंगवलं होतं की!

परवा धापा टाकत तिनं विचारलं, "भिंत वाळली का रे?"

"हाव अक्का. ठणठणीत कोरडी हाय."

"मग खडूनं एक हत्ती काढ की. पोरांना ओकंबोकं वाटत असंल."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि जमेल तसा काढू लागलो. वरच्या वर्गातली तिची जुनी पोरं दारात गोळा झाली. एक पोरगी बराच वेळ बघत राहिली.

"सर, बाईंचा हत्ती असा नव्हता," ती म्हणाली. "राहू द्या तुम्ही. बाई आल्यावर काढतील."

मला तिथंच रडू फुटलं.