आधी डोळा

माझ्यासारख्याने कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं का, हे मला कळत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि जिच्याबद्दल लिहितोय तिच्याशी मी नीट वागलेलोही नाही. चुकलं तर माफ करा. पण तिची चित्रं मन लावून पाहायला हवी होती ती आमच्या ग्रुपमधल्या अकरा जणांनी, म्हणून लिहितो.

चांगुणामावशी माहुलच्या कोळीवाड्यातून घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायला यायची. गिऱ्हाईक नसलं की जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे बॉलपेनने मासे काढायची. आधी डोळा, मग त्याच्याभोवती मासा. आईबरोबर मासळी घ्यायला गेलो असताना मी विचारलं, "मावशी, डोळाच आधी का?"

"गिऱ्हाईक काय बघतं? डोला. डोला पांढरा पडला की मावरं शिलं. चित्राचं पन तसंच, बाला."

मीही चित्रं काढतो. उपनगरांतल्या आम्हा अकरा जणांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. कुणीही सोशल मीडियावर चित्र टाकलं की ते ग्रुपमध्येही पाठवायचं आणि बाकीच्यांनी तासाभरात त्याखाली कमेंट लिहायची. त्याने चित्र जास्त लोकांपर्यंत जातं, असं आम्ही मानायचो. तीन दिवस चुकवले तर ग्रुपबाहेर. नियम माझाच होता, ॲडमिनही मीच.

मी मावशीला अकाउंट काढून दिलं आणि ग्रुपमध्ये घेतलं. ती म्हणाली, "घरात कुनी बघत नाय रे. सून बोलते, कागद कशाला जमवता. आता अकरा मानसं बघतील." मग तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि मोबाईल माझ्याकडून परत घेतला.

मावशी चौथी शिकलेली, टाइप करणं तिला जमेना. म्हणून ती प्रत्येकाच्या चित्रावर ग्रुपमध्ये बोलून मेसेज पाठवायची. मागे कोयत्याचा आवाज, भावाची घासाघीस. मालाडच्या श्रेयाला एकदा म्हणाली, "पोरी, तुझ्या बाईचा डोला मेलाय गं. परत काढ."

श्रेयाने उत्तर पाठवलं, "मावशी, खाली नुसतं झकास लिहा ना. डोळे कशाला तपासता?"

"झकास तर मी बोंबील विकताना पन बोलते. तू काय माझं गिऱ्हाईक हाय?"

श्रेयाने डोळा परत काढला. चित्र खरंच सुधारलं होतं. पण तसं ती मावशीला बोलली नाही, आणि मीही नाही.

हळूहळू तिचे मेसेज कुणी ऐकेनासं झालं. दोन-दोन मिनिटं कोण ऐकणार? आणि चित्रांखाली तर तिची कमेंट कधीच नसायची. श्रेयाने सरळ विचारलं, "यार, नियम सगळ्यांना सारखा ना? तू आणलंस म्हणून तिला सूट का?" मी मावशीला ग्रुपमधून काढलं.

बाजारात भेटून समजावून सांगू, असं ठरवलं होतं. आधी परीक्षा आली, मग लाज वाटू लागली. आई मासळी घ्यायला निघाली की मी अभ्यासाचं कारण सांगायचो. पुढे आईच म्हणाली, मावशी हल्ली बाजारात बसत नाही. तेव्हाही मी फोन केला नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या नंबरवरून फोन आला. मी घाबरतच उचलला. पलीकडे तिची सून होती.

"आई गेल्या. महिना झाला. तुमच्या ग्रुपला सांग. त्यांचीच मानसं ना तुम्ही."

मी हो म्हणालो.

"आजारपणात एकच धरून बसलेल्या. मोबाईल बिघडलाय, पोरांची चित्रं येत नाय. तीन वेला दुकानात नेला मी. दुकानवाला बोलला, मोबाईल चांगला आहे. तू शिकलेला आहेस. काय बिघडलं होतं रे त्यात?"