सोनचाफ्याचा साबण

उमेळ्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकी मी घरी बनवलेल्या साबणाची प्रत्येक वडी नाकाशी धरतात आणि मान हलवतात. "अत्तर गरमात घालते तू, बाय. वास उडून जातो." मी मिश्रण निवू दिलं, अत्तर बदललं, वड्या महिनाभर वाळवल्या. तरी त्यांचं तेच. "सोनचाफा असा नसतो. आमच्या वाडीत होता तो."

ती वाडी त्यांनीच बिल्डरला दिली. आमची बिल्डिंग तिच्यावरच उभी आहे.

परवा वैतागून मी पार्किंगमागच्या सोनचाफ्याचं ताजं फूल डब्यात वडीशेजारी ठेवलं आणि डबा त्यांच्यापुढे धरला. काकींनी वडी बाजूला सारली आणि फूल बराच वेळ हुंगलं.

"याला पन वास नाय," म्हणाल्या.

वाडीतलं तेवढंच एक झाड उरलंय. काकींनीच लावलेलं.